सुरतेच्या कबरी आणि टॉम कोरियटची पायपीट

नमस्कार, श्रोतेहो. सुरत म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. एक, महाराजांनी केलेली लूट. दुसरी, खायची घारी. आज तिसरी सांगते.

सुरत स्टेशनवर रिक्षा केली. रिक्षावाला खानदेशातला. सुरतेत खानदेशी माणूस इतका आहे की उधन्यात उतरलं तर आपण शिरपूरला आलो की काय असं वाटतं. त्याला म्हटलं, कतारगाम दरवाज्याकडे चला, इंग्रजांच्या कबरी बघायच्यात. त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि काळजीने विचारलं, "ताई, तुमनं कोन शे तठे?"

कोणी नाही हो. पण आपल्या इतिहासातली बरीच माणसं आहेत तिथे.

आधी पाया पक्का करू. इंग्रजांना सुरतेत वखार घालायची परवानगी १६१३ मध्ये मिळाली. मुंबई ईस्ट इंडिया कंपनीच्या हातात आली १६६८ मध्ये. म्हणजे पन्नासहून जास्त वर्षं इंग्रजांचं इकडचं घर म्हणजे सुरत. पुन्हा सांगते, आधी सुरत, मग मुंबई. आणि घर आलं की मरणही आलं. हगवण, ताप, उन्हाळा, दारू. सतराव्या शतकाच्या शेवटी मुंबईबद्दल एक म्हणच होती, की इथे माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं. सुरत त्या मानाने बरी, पण फार नाही.

कबरस्तानात शिरलं की आपण चर्चच्या आवारात आलोय असं वाटतच नाही. घुमट, कमानी, कोपऱ्यांना खांब. सगळा थाट मोगली. ज्या गावात राहायचं, तिथल्या लोकांना कळेल अशा भाषेत श्रीमंती दाखवायची, असा तो हिशेब. सगळ्यात उंच आहे ती ऑक्सेंडन भावांची कबर, दुमजली, सुमारे चाळीस फूट. ख्रिस्तोफर १६५९ मध्ये गेला, सर जॉर्ज १६६९ मध्ये. हा जॉर्ज म्हणजे तोच, जानेवारी १६६४ मध्ये महाराज सुरतेवर आले आणि मोगलांचा सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला तेव्हा इंग्रजांची वखार धरून बसलेला. आणि रायगडावर राज्याभिषेकाला आलेला हेन्री ऑक्सिंडेन, तोही याच घराण्यातला. आता सांगा, आपलं कोणी नाही कसं?

ख्रिस्तोफरच्या कबरीवरचा लॅटिन लेख मला फार आवडतो. सगळा खतावणीच्या भाषेत आहे. त्याला हिशेबात वर्षं नव्हे, दिवसच मांडता आले, कारण मृत्यूने अचानक हिशेब मागितला. मालक हो, तुमचा नफा किती, तोटा किती? तुम्ही चाकर गमावलात, आम्ही सोबती, त्याने जीव. पण वहीच्या दुसऱ्या बाजूला तो लिहू शकतो, मरण हाच माझा लाभ. व्यापाऱ्याच्या थडग्यावर जमाखर्च! आपल्याकडे हल्ली कोनशिलेवर उद्घाटन करणाऱ्यांची नावंच इतकी असतात की वास्तू कशाची हे शोधावं लागतं. असो.

थोड्या अंतरावर डच लोकांचं कबरस्तान. तिथे मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ करवून घेणारा हेंड्रिक व्हान रेडे आहे. १६९१ मध्ये कोचीनहून सुरतेला येताना जहाजावरच गेला. त्याची कबर इंग्रजांच्या कबरीला खाली बघायला लावेल अशी बांधली, असं म्हणतात. शेजाऱ्याने माडी चढवली की आपणही चढवायची, हा रोग जुनाच.

पण मला ज्याची गोष्ट सांगायची आहे तो या घुमटांखाली नाहीच. तो या सगळ्यांच्या आधी आला, आणि व्यापाराला आलाच नव्हता. टॉम कोरियट.

इंग्लंडमधल्या ऑडकम्ब गावचा. राजपुत्राच्या दरबारात लोकांना हसवणारा. १६०८ मध्ये हा गृहस्थ व्हेनिसपर्यंत गेला, बराचसा पायी, आणि परत आल्यावर झिजलेले बूट गावच्या चर्चमध्ये टांगून ठेवले. प्रवासाचं पुस्तक काढलं. इटलीत लोक काट्याने जेवतात हे इंग्रजांना सांगणाऱ्या पहिल्या काही जणांतला हा. लोक हसले. मग १६१२ मध्ये पुन्हा निघाला. इस्तंबूल, जेरुसलेम, अलेप्पो, इराण, आणि चालत चालत १६१५ मध्ये थेट अजमेर, जहांगीरच्या दरबारी. अलेप्पोपासून दरबारापर्यंतचा खर्च, त्याच्याच सांगण्यानुसार, तीन पौंड. पुन्हा सांगते, तीन.

भाषा पटापट शिकायचा. जहांगीरपुढे फारसीत भाषण केलं आणि शंभर रुपये मिळवले. इंग्रज वकील, म्हणजे राजदूत, सर टॉमस रो भडकला, की आमच्या देशाचा माणूस भीक मागतो! टॉमने त्यालाही उलट सुनावलं. रोच्या घरी एक धोबीण होती. तिचं तोंड सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत चालू. एक दिवस टॉम तिच्याच भाषेत तिच्याशी भांडायला उभा राहिला, आणि सकाळी आठ वाजेपर्यंत तिला एक शब्द सुचेना असं करून सोडलं. हे रोच्या पाद्र्याने, एडवर्ड टेरीने, लिहून ठेवलंय. मला मात्र त्या बाईचं म्हणणं ऐकायला आवडलं असतं. दिवसभर दुसऱ्यांचे कपडे धुणारीने दोन शब्द बोलू नयेत काय?

पुढे मांडूला टॉम खचला. वकिलासमोर उभा असताना भोवळ येऊन पडला. भीती एकच, आपण वाटेत मरू आणि एवढं चाललेलं कोणाला कळणारच नाही. त्यात रोने त्याला अलेप्पोच्या इंग्रज अधिकाऱ्यासाठी चिठ्ठी दिली. लिहिलं काय, तर बिचारा गरीब पण प्रामाणिक माणूस आहे. टॉमला ते "बिचारा" लागलं. चिठ्ठी बदलून घेतली. मग इंग्लंडहून आलेल्या एकाने सांगितलं, राजाजवळ तुझा विषय काढला होता. टॉमचे डोळे चमकले असतील. राजा काय म्हणाला? "तो मूर्ख अजून जिवंत आहे?" टॉम एवढंच म्हणाला, की राजे लोक गरिबांबद्दल वाटेल ते बोलतात.

पोट बिघडलेलं, तसाच चालत सुरतेला आला. वखारीतल्या इंग्रजांनी प्रेमाने घरात घेतलं. त्यांच्याकडे मायदेशाकडून आलेली सॅक होती, म्हणजे स्पेनची दारू. टॉम एरवी फार पिणारा नव्हे. पण इतक्या वर्षांनी घरचं नाव ऐकलं. "सॅक? सॅक आहे? मला द्या, मला थोडी द्या!" प्यायला. हगवण वाढली. डिसेंबर १६१७ मध्ये गेला. तीन पौंडांत अर्धा आशिया तुडवलेला माणूस आपल्याच लोकांच्या पाहुणचाराने गेला, श्रोतेहो. त्याची बरीचशी टिपणं नंतर हरवली.

टेरी लिहितो, त्याच्यावर छोटंसं थडगं बांधलं. सुरतेबाहेर सुवाळीच्या किनाऱ्याकडे, राजगरीला, एक घुमटी आहे. लोक तिला टॉम कोरियटची कबर म्हणतात. जहाजांच्या नकाशांवरही ती याच नावाने खूण म्हणून होती. वाटेत मरून कोणाला कळणार नाही असं म्हणणाऱ्याच्या नावावरून खलाशी किनारा ओळखायचे.

अरे, काचेपलीकडून मला दोन बोटं दाखवताहेत. दोन मिनिटं. आणि निगराणीचं सगळंच राहिलंय!

तर पटकन. ही स्थळं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. जुन्या स्मारकांचा १९५८ चा कायदा लागू, भोवती शंभर मीटरांत नवं बांधकाम नाही. पण कायदा पिंपळाला कळत नाही. पक्षी बी टाकतात, विटांच्या सांध्यात रोप धरतं. आपल्या वाड्यांच्या भिंतींत, गावच्या समाध्यांवर हेच होतं. आपण काय करतो? रोप दिसलं की हिसकून उपटतो. उपटू नका! मुळाबरोबर चुना आणि वीट बाहेर येते. बुंध्याशी कापायचं, मुळं औषधाने मारायची, मग फट चुन्याने बुजवायची. चुन्याने, सिमेंटने नव्हे. जुनी भिंत ओल पिते आणि बाहेर टाकते. सिमेंट तिचं तोंड बांधतं, ओल आत राहते, विटेचा भुगा होतो. सिमेंट हे माझ्या मते देवळांचं आणि कबरींचं सारखंच शत्रू आहे. आमच्या गावच्या देवळाला लावलं तेव्हाही मी बोलले होते, कोणी ऐकलं नाही.

पावसाळ्याआधी घुमटावरचं पाणी जायच्या वाटा मोकळ्या करायच्या. आणि कोरलेली अक्षरं वाचायला खडू किंवा पीठ फासू नका, तारेचा ब्रश तर नकोच. संध्याकाळी बाजूने तिरपा टॉर्च मारा, अक्षरं आपोआप उठून दिसतात.

चुना कसा मुरवायचा, बेलफळ नि गूळ कशासाठी घालतात, ते राहिलंच. पुढच्या वेळी. तोवर पिंपळाचं लक्षात असू द्या. कापायचा, उपटायचा नाही. नमस्कार.