म्हातारपणाचा अभ्यास म्हणजे नक्की कशाचा?

विशीतली दोन माणसं शेजारी उभी करा, तब्येत, ताकद, झोप, कान, डोळे बऱ्यापैकी सारखेच निघतील. आता पंचाहत्तरीतली दोन माणसं बघा. एक डोंगर चढतंय आणि दुसऱ्याला अंघोळीलाही आधार लागतोय, वय मात्र तेच! जेरोन्टॉलॉजीचा, म्हणजे म्हातारपणाच्या शास्त्राचा, सगळा अभ्यास या फरकापाशीच सुरू होतो, की असं का होतं, आणि त्यातलं किती आपल्याला बदलता येतं.

हे जेरियाट्रिक्स नाही बरं का. जेरियाट्रिक्स म्हणजे वयस्कर लोकांचं वैद्यकशास्त्र, ते डॉक्टरांचं काम. इथे पेशींच्या बायॉलॉजीपासून मानसशास्त्र, पेन्शन, घरांची रचना, एकटेपणा असं सगळं येतं, त्यामुळे वर्गात नर्सिंगवाली मुलगी, आर्किटेक्ट आणि सोशल वर्कवाला एकाच बाकावर सापडतात.

रिसर्च मेथड्सचा पेपर सुरुवातीला रटाळ वाटतो, पण खरी मजा तिथेच आहे. समजा आज तिशीतल्या आणि सत्तरीतल्या लोकांना एकच बुद्धिमत्ता चाचणी दिली आणि सत्तरीवाले मागे पडले, तर वयानं बुद्धी कमी झाली असं म्हणायचं का? थांबा जरा. सत्तरीवाल्यांचं शिक्षण वेगळ्या काळात झालं, कित्येकांची शाळा लवकर सुटली, मग फरक वयाचा की पिढीचा? मानसशास्त्रज्ञ के. वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये अमेरिकेत सिएटलमध्ये अभ्यास सुरू केला आणि दर ७ वर्षांनी त्याच लोकांना परत तपासलं. दिसलं असं की विचार करायचा वेग लवकर मंदावतो, पण बाकीच्या बऱ्याच क्षमता साठीपर्यंत छान टिकतात. हे वाचल्यावर ‘वय झालं की डोकं चालत नाही’ हे वाक्य कोणी सहज बोललं तरी खटकायला लागतं.

प्रॅक्टिकलला एक साधी टेस्ट असते, १९९१ पासून जगभर वापरतात. खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं साधारण धरतात. नवखा विद्यार्थी फक्त स्टॉपवॉच बघतो, शिकवणारे सांगतात पाय बघ. उठताना हात टेकावे लागले का, वळताना बारीक बारीक पावलं टाकली का, भिंतीकडे हात गेला का… हे कळलं की मग व्यायाम, चष्मा, चप्पल, औषधं, काय बदलायचं ते ठरवता येतं.

आणि ब्रिटिश डॉक्टर मार्जोरी वॉरन यांच्याबद्दल तर प्रत्येक विद्यार्थ्याला सांगायलाच हवं. १९३५ मध्ये लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये त्यांच्याकडे असे वृद्ध पेशंट आले जे नीट तपासणीशिवाय नुसते पलंगावर पडून होते, आता काही होणार नाही असं सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलेलं. वॉरन यांनी एकेकाला तपासलं, वर्गवारी केली, उठवलं, चालायला लावलं, आणि त्यातले बरेच जण चक्क घरी गेले! मला राग येतो तो याचा, की ती माणसं आजारामुळे जितकी खिळली होती तितकीच कोणी बघितलंच नाही म्हणूनही खिळली होती. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६९ मध्ये या वृत्तीला एजिझम म्हटलं, म्हणजे वयावरून केलेला भेदभाव, आणि तो आजही हॉस्पिटलात दिसतो, नोकरीच्या मुलाखतीत दिसतो, घरातही. आजोबा समोर बसलेले असताना ‘यांना काय होतंय?’ हे मुलाला विचारणं, तो हाच.

म्हणून अभ्यासासाठी वयस्कर माणसांचा इंटरव्ह्यू घ्यायचं वेगळं ट्रेनिंग असतं. समोर बसायचं, चेहऱ्यावर उजेड हवा, ओरडायचं नाही. वयानं आधी उंच पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात, त्यात ‘स’, ‘श’ सारखी व्यंजनं निसटतात, ओरडून ती स्पष्ट होत नाहीत. शांतपणे, नेहमीच्या मोठ्या माणसाशी बोलतो तसं बोलायचं, आणि प्रश्न विचारला की उत्तराची वाट बघायची, शेजारी बसलेल्या मुलानं मध्येच उत्तर दिलं तरी परत त्यांच्याकडेच वळून विचारायचं.