पुलपिटाजवळचा तांब्या

सलाम मंडळी. आणि जे आमच्या चर्चचे नाहीत पण सकाळी रेडिओ लावून भाजी निवडत बसलेत, त्यांनाही नमस्कार. आज बोलायचंय ते उपासना चालवणाऱ्याच्या टेन्शनबद्दल. पाळकसाहेबांचंच, म्हणजे आमच्या धर्मगुरूंचंच, नाही हां, माझ्यासारख्या साध्या सभासदाचंसुद्धा, ज्याला शनिवारी रात्री साडेआठला फोन येतो की "मास्तर, उद्या साहेब दुसऱ्या गावाला आहेत, उपासना तेवढी चालवून घ्या." तेवढी! त्या 'तेवढी'त काय काय असतं ते चालवणाऱ्यालाच ठाऊक.

सुरुवातीचं वचन काढा, गायनं निवडा, पेटीवाल्याला नंबर कळवा, बायबलातला शास्त्रपाठ कोण वाचणार ते बघा, पापकबुलीची प्रार्थना, मग संदेश, मग अर्पण, मग सूचना. सूचनांबद्दल माझं एक मत आहे, ते सांगूनच टाकतो: संदेश वीस मिनिटांचा आणि सूचना पंचवीस मिनिटांच्या असं जिथं होतं तिथं संदेश देणाऱ्यानं पुढच्या वेळी सूचनांमध्येच संदेश घालावा, लोक तेवढंच कान देऊन ऐकतात, कारण त्यात कुणाच्या घरी जेवण आहे ते कळतं.

बरं, आपल्याकडे प्रत्येक चर्चची रीत वेगळी. १९७० साली नागपूरला सहा मंडळ्या, म्हणजे चर्चसंस्था, एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी झाली, त्यात कुणी पुस्तकातून छापील प्रार्थना वाचणारे, कुणी डोळे मिटून मनातली करणारे, सगळे एका छपराखाली आले. त्यामुळे तुम्ही पुस्तकातून वाचलं की अर्धे म्हणतात कोरडं झालं, मनातून केली की उरलेले अर्धे म्हणतात लांबली. दोन्हीकडून बोलणी. आमच्या नगर भागात, आता अहिल्यानगर म्हणायचं पण जिभेला अजून नगरच येतं, अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं, म्हणजे पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ इथं कुणी ना कुणी रविवारी पुढं उभं राहतंय आणि घाबरतंय. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी अभंगांच्या वळणाची गीतं लिहिली, त्या आधीपासून इथं ख्रिस्ती कीर्तनं होत होती, म्हणजे हातात चिपळ्या घेऊन लोकांना दोन तास बांधून ठेवायचं. ते लोक घाबरत नसतील असं मला वाटत नाही. फक्त त्यांच्या मागे टाळकरी असायचे. हा मुद्दा धरून ठेवा, मागे टाळकरी असायचे, मी परत येतो त्याच्याकडे.

आता गोष्ट. ही मी इतक्यांदा सांगितलीय की घरातले उठून जातात, पण तुम्हाला उठून जाता येत नाही, फार तर रेडिओ बंद कराल.

वीस-बावीस वर्षं झाली असतील. नेवासे तालुक्यातलं आमचं गाव, नाव सांगत नाही, सांगितलं तर लगेच फोन येतील की मास्तर तसं नव्हतं असं होतं. गुड फ्रायडे. पाळकसाहेबांकडे पाच गावं, ते त्या दिवशी मोठ्या चर्चला, आणि आमच्या पत्र्याच्या चर्चमध्ये बारा ते तीनची उपासना माझ्याकडे. येशूनं वधस्तंभावरून काढलेले सात उद्गार, एकेकावर बोलायला सात वक्ते, मध्ये मध्ये गायनं. एप्रिलचं ऊन, वर पत्रा, दोन पंखे आणि लोडशेडिंग, म्हणजे पंखे नुसते शोभेला. मला तेव्हा फार जोर होता, आदल्या संध्याकाळपासून उपास, पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. रात्रभर यादी पुन्हा पुन्हा लिहीत बसलेलो, झोप झाली असेल दोन तास. असं कुणी करू नका. पुन्हा सांगतो, असं कुणी करू नका.

पहिलंच गायन मी घाबरून चढ्या पट्टीत उचललं. पांढरी पाच. आता ज्यांना पेटी कळते ते हसतील. ध्रुपद निभावलं, पण अंतरा जसा वर चढला तसे बाप्ये एकेक करून गप्प झाले, मग बायका गप्प झाल्या, शेवटी मी एकटा आणि समोर साठ-सत्तर माणसं माझ्याकडे करुणेनं बघतायत. तबलजी आमचा म्हातारा, तबला त्यानं सकाळीच त्याच्या नेहमीच्या काळी दोनला, म्हणजे खालच्या पट्टीला, लावून ठेवलेला, तो हळूच म्हणाला, "मास्तर, खाली या." मला वाटलं पुलपिटावरून, म्हणजे संदेश द्यायच्या उंच जागेवरून, खाली या म्हणतोय. मी उतरायलाच निघालो.

ते कसंबसं मिटलं. पहिला उद्गार झाला पंचवीस मिनिटांत. दुसऱ्याला जे गृहस्थ होते त्यांनी "आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील" यावर जे धरलं ते चाळीस मिनिटं, त्यात त्यांच्या नोकरीतल्या बदल्या पण आल्या. मी चिठ्ठी पाठवली, 'वेळ संपली'. त्यांनी ती घेतली, वाचली, आणि तिनंच घाम पुसला आणि पुढं सुरू. तिसरा उद्गार महिला मंडळाच्या बाई, दहा मिनिटांत नेटकं बोलून बसल्या, बायकांना वेळेची किंमत असते कारण घरी त्यांनाच जाऊन चूल पेटवायची असते. चौथा एका कॉलेजच्या पोराचा, "एली, एली, लमा सबख्थनी", म्हणजे 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास', चांगला बोलला. आणि पाचव्याचे वक्ते आलेच नाहीत. कारखान्यात शिफ्ट बदलली होती त्यांची, हे नंतर कळलं. मोबाईल तेव्हा गावात दोघांकडे, त्यातला एक चर्चमध्येच समोर बसलेला.

म्हटलं आता मीच. उभा राहिलो. कानात शिट्टी वाजल्यासारखं व्हायला लागलं, पायातलं बळ गेलं, बायबलातली अक्षरं मुंग्यांसारखी हलायला लागली. योहान एकोणीस, अठ्ठावीस. वाचलं, "मला तहान लागली आहे." पुढं शब्दच सुचेना. रात्रभर लिहिलेल्या यादीत हा उद्गार दुसऱ्याच्या नावावर, माझी तयारी शून्य. पुन्हा म्हणालो, "मला तहान लागली आहे." तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा आवाज फाटला. चर्च चिडीचूप. लोकांना वाटलं मास्तर रंगलाय, पुढच्या रांगेतल्या एक काकू तर डोळ्याला पदर लावून बसल्या. खरं तर मी पडायच्या बेतात होतो, पुलपिटाची कड दोन्ही हातांनी धरलेली, बोटं पांढरी पडलेली.

मागे दाराशी सतरंजीवर एक आजी बसायच्या. चर्च झाडायचं काम त्यांच्याकडे. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, बाहेरच्या माठातून तांब्या भरला, आणि मधल्या वाटेनं सरळ पुढं आल्या, अनवाणी, तांब्यातून पाणी सांडतंय जमिनीवर. पुलपिटापाशी येऊन म्हणाल्या, "आरं लेकरा, पी आधी. मंग बोल."

मी हळू आवाजात म्हटलं, "आजी, उपास हाये."

तर म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "येशूला लोकांनी आंब पाजली. आपुन पानी पाजू. पी." आंब म्हणजे तो आंबट द्राक्षारस, वधस्तंभावर येशूला दिलेला.

प्यालो. सगळ्या मंडळीसमोर, घटाघटा, सदरा भिजला. कुणीतरी हसलं, कुणीतरी रडलं, आणि मी खाली बसलो. आजी मात्र परत गेल्या नाहीत. तिथंच, पुलपिटाच्या शेजारी, वर नाही चढल्या, शेजारी उभ्या राहून बोलायला लागल्या. अक्षर येत नव्हतं त्यांना. ७२ च्या दुष्काळातलं सांगितलं. खडी फोडायला जायच्या, कडेवर पोर. म्हणाल्या, "कामावर पानी मिळायचं, पन आमाला वरून वतायचे, वंजळीत. निम्मं कोपरावरून खाली जायचं. पोराला पाजू का मी पिऊ? येशूला इचारा तहान कशी अस्ती. त्याला म्हाईत हाये." एवढंच. तीन-चार मिनिटं असतील फार तर. मग तांब्या उचलून मागे जाऊन बसल्या.

उरलेले दोन उद्गार कोण काय बोललं मला आठवत नाही, कुणालाच आठवत नाही. बाहेर पडताना मात्र चर्चच्या कारभारातल्या एका वडीलधाऱ्यांनी मला झापलं, उपास मोडलास तो मोडलास आणि यादीत नाव नसलेल्या बाईला बोलू दिलंस. मी म्हटलं मी दिलं नाही, मी बसलो होतो. आणि पुढच्या वर्षी गंमत बघा, कमिटीत एकानं सुचवलं की गेल्या वर्षीचं ते तांब्याचं फार प्रभावी झालं, यंदा कार्यक्रमपत्रिकेत घालू. आजींना विचारायला गेलो तर म्हणाल्या, "नाटक हाये का ते?" विषय संपला.

तर टाळकरी. म्हटलं होतं परत येतो. मला त्या दिवशी जे कळलं ते असं की पुढं उभा राहणारा उपासना एकटा उचलत नसतो, उचलू नये. बायबलात मोशेला त्याचा सासरा इथ्रो हेच सांगतो की सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा बसून न्याय करशील तर तूही झिजशील आणि लोकही, माणसं नेम, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर. सासऱ्याचं ऐकणारा जावई, हेही विशेषच. आणि एलीया संदेष्टा बघा, कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवला आणि पुढच्याच अध्यायात झुडपाखाली पडून म्हणतो मला मरू दे. देवानं त्याला आधी उपदेश केला का? नाही. झोपू दिलं, मग उठवून भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खाऊ घातलं. दोनदा. बोलणं नंतर.

आणि हे मोठ्या लोकांनाही चुकलं नाही. लंडनचे स्पर्जन, केवढा नामांकित उपदेशक, १८५६ साली एका मोठ्या सभागृहात उपासना चालू असताना कुणीतरी खोटंच आग आग ओरडलं, चेंगराचेंगरीत सात माणसं मेली. हा मुलगा तेव्हा बावीस वर्षांचा. पुढं आयुष्यभर त्यांना उदासीचे झटके यायचे आणि त्यांनी ते लपवलं नाही, आपल्या विद्यार्थ्यांना वर्गात उघड सांगितलं. आपल्याकडे अजून पाळकानं म्हटलं की मला रात्री झोप येत नाही, तर लोक विचारतात विश्वास कमी पडतोय का. अहो, बीपीची गोळी घेता तेव्हा विचारतं का कुणी असं? झोप महिनाभर उडाली असेल, उपासनेच्या विचारानंच छातीत धडधडत असेल तर डॉक्टरला दाखवा, त्यात पाप काही नाही.

बाकी माझे उपाय साधे. एक जोडीदार ठेवायचा, पहिल्या रांगेत, यादीची दुसरी प्रत त्याच्या हातात, तुम्ही अडखळलात की त्यानं उठून शास्त्रपाठ सुरू करायचा, आधीच ठरवून. मी पुन्हा सांगतो, दुसरी प्रत दुसऱ्याच्या हातात. आणि श्वास. हे मला त्या तबलजीनं शिकवलं, डॉक्टरनं नाही: केरवा, म्हणजे आठ मात्रांचा ताल, त्याच्या चार मात्रांत श्वास घ्या, आठ मात्रांत सोडा, म्हणजे सोडताना एक अख्खं आवर्तन, बोट मांडीवर मोजत. सोडायचा लांब, घ्यायचा तेवढा लांब नाही. लांब सोडला की छातीतली धडधड उतरते. उभं राहायच्या आधी चार वेळा करा, कुणाला कळत पण नाही, लोकांना वाटतं प्रार्थना चाललीय.

पट्टी आदल्या दिवशी ठरवा. सकाळी गळा बसलेला असतो, आणि घाबरल्यावर माणूस नेहमी वरच उचलतो, म्हणून पेटीवाल्याला आधी सूर द्यायला सांगा आणि तो नीट कानात जाईपर्यंत तोंड उघडू नका. कीबोर्डवर ते तयार ताल असतात ना, बटण दाबलं की ढिश्क ढिश्क, ते तेवढं लावू नका बाबांनो. माणूस चुकला तर तबला थांबतो, सांभाळून घेतो. ते मशीन कुणासाठी थांबत नाही, गाणारा मागे राहिला तरी ते आपलं पुढं. आता यावर तरुण संघाचा फोन येणार मला, येऊ दे.

आणि उपासना झाल्यावर लगेच कुणाला विचारू नका कशी झाली. चहा घ्या. ज्याला काही खुपलंय तो मंगळवारपर्यंत व्हॉट्सॲपवर टाकतोच.

काचेपलीकडून ताई हात दाखवतायत, दोन मिनिटं राहिलीत म्हणे. आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. पत्रा जाऊन स्लॅब पडला, पंखे आठ झाले, इन्व्हर्टर आला. पण पुलपिटाच्या उजव्या हाताला एक स्टूल आहे आणि त्यावर झाकण घातलेला तांब्या असतो, तोच, एका बाजूनं चेपलेला, रविवारी भरून ठेवायचं काम शब्बाथशाळेच्या, म्हणजे रविवारच्या बायबलशाळेच्या, पोरांकडे आणि त्यावरून त्यांची भांडणं होतात. येत्या रविवारी माझ्या भाचीची पाळी आहे, पहिल्यांदाच, गेल्या बुधवारपासून जेवत नाहीये नीट. आज संध्याकाळी पेटी घेऊन तिच्याकडे जायचंय, तिची पट्टी काढायला. येताना वहिनीला म्हटलंय पिठलं-भाकरी टाक, तिघांचं टाक. बरंय मग, सलाम.