काचघरातली ऊब आणि आपला मोहोर

(दापोली येथील एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, समोर बागायतदार बरेच दिसतायत, म्हणून लॅटिन नावं आज घरी ठेवून आलोय. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातलं पाम हाऊस, म्हणजे ताडमाडांचं भलंमोठं काचघर, मी जानेवारीत पाहिलं, त्याबद्दल बोलायचं आहे. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. दार ढकलून आत पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते. ती पुसून बघावं तर समोर माड, केळ, कोको, मिरीचा वेल! आपल्याकडे न्हाणीघराच्या सांडपाण्यावर वाढणारी केळ तिथं लोक तिकीट काढून बघतात. मला आधी हसू आलं. मग ती जगवायला काय करावं लागतं ते कळत गेलं, तसं हसू ओसरलं.

इमारत 1844 ते 1848 या काळातली. आराखडा डेसिमस बर्टनचा, लोखंडकाम रिचर्ड टर्नरचं. लांबी साधारण 110 मीटर, मधली उंची 20 मीटर, आणि काचांची तावदानं 16,000च्या आसपास. आत मध्ये खांबांची गर्दी नको होती, म्हणून टर्नरनं जहाजबांधणीतलं तंत्र उचललं. मान वर केली की गलबत उपडं घातल्यासारखं वाटतं ते उगाच नाही. काचेवरचा कर ब्रिटिश सरकारनं 1845 मध्ये उठवला, त्यामुळे एवढी काच परवडूही लागली. सुरुवातीला काच हिरवट होती, उन्हानं पानं करपू नयेत म्हणून! पुढे लंडनच्या धुरानं उजेडाचीच टंचाई झाली, तेव्हा साधी काच बसवली. ऊब यायची तळघरातल्या बॉयलरांतून. कोळसा भुयारातून आणायचा, आणि धूर त्याच वाटेनं लांबवरच्या एका मनोऱ्यातून बाहेर सोडायचा. बघणाऱ्याला तो मनोरा शोभेचा वाटावा, प्रत्यक्षात ते धुराडं होतं.

हा खटाटोप केवळ हौसेपोटी नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. 1876 मध्ये ब्राझीलमधून रबराच्या सुमारे 70,000 बिया क्यूला आल्या. जेमतेम 2,700 रुजल्या. त्यांतली रोपं सिलोनला आणि पुढे मलायाकडे, म्हणजे ब्रिटिशांच्याच वसाहतींत गेली, आणि ब्राझीलचा रबराचा धंदा बसला. काचघराचं कौतुक करताना साम्राज्याचा हा हिशेब विसरू नये.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. पैसा आणि कोळसा असला की ऊब विकत घेता येते. पण झाड नुसत्या उबेवर चालत नाही. डिसेंबरात लंडनला दिवस आठ तासांचाही नसतो. ऊब भरपूर आणि उजेड तुटपुंजा, अशा वेळी झाडाला जोमानं वाढू दिलं तर फांद्या लांबट, फिकट, लुळ्या निघतात. म्हणून माळी हिवाळ्यात पाणी आखडतात. ताडमाडांचं दुखणं वेगळंच. शेंडा छताला टेकला की झाड तोडण्यावाचून इलाज नसतो.

व्हॅनिलाचं उदाहरण तर बोलकं आहे. हा मेक्सिकोकडचा वेल युरोपच्या काचघरांत वाढायचा, फुलायचा, पण शेंग धरत नसे, कारण परागीकरण करणारी त्याच्या मुलखातली मधमाशीच तिथं नव्हती. 1836 मध्ये बेल्जियमच्या लिएज शहरात शार्ल मोरां यांनी हातानं परागीकरण करून शेंगा धरवल्या. आज जगभर वापरतात ती सोपी रीत मात्र 1841 मध्ये रियुनियन बेटावरच्या एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं काढली. इथं कोणी पोफळीवर व्हॅनिला चढवली असेल तर सकाळी काडी घेऊन फुलामागून फूल तो हेच करतो.

आणि आंबा? (सभागृहातून: ‘तिथं हापूस लागेल का?’) लागवड होईल, फळाचं बघावं लागेल. तुम्हीच सांगा, मोहोर कधी येतो? पाऊस सरतो, माती सुकते, रात्री गारठा पडू लागतो, तेव्हा. सदासर्वकाळ एकसारखी ऊब आणि ओल दिली तर आंबा पालवीच फोडत राहतो. कल्टार, म्हणजे वाढ रोखणारं रसायन, घालून आपणही पालवीचा जोर दाबतो, म्हणजे झाड मोहोराकडे वळतं. जपानात मियाझाकीला काचघरात, प्लॅस्टिकच्या घरात आंबा पिकवतात. पण तिथले शेतकरी झाडाला आधी हिवाळ्याचा गारवा मिळू देतात, मोहोराची तयारी झाली की मग हिटर लावतात.

त्या जपानी आंब्याचे चढे दर ऐकून उद्या कोणी कलमांवर छप्पर घालायला निघू नका. आपल्याकडे गारठा फुकट येतो. तो प्लॅस्टिकनं अडवायचा आणि वीज जाळून पुन्हा आत आणायचा, हा व्यवहार कुठल्याही बँकेला पटणार नाही. जानेवारीतलं ढगाळ हवामान आणि मोहोराचा रस शोषणारे तुडतुडे यांचं काय करायचं, हा प्रश्न खरा आहे, आणि त्यावर बोलायला पुढचे वक्ते माझ्यापेक्षा जाणकार आहेत.