बॅरी गोल्डवॉटर : नदी, कॅमेरा आणि एक मत

ही फिल्म १९४० सालची. कॅमेऱ्यामागे आहेत बॅरी गोल्डवॉटर, अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्समधल्या एका मोठ्या दुकानाचे मालक. वय एकतीस. यूटातल्या ग्रीन रिव्हर गावापासून थेट मीड सरोवरापर्यंत, आधी ग्रीन आणि मग कोलोरॅडो नदीच्या प्रवाहातून, प्लायवूडच्या होड्यांनी. मोहीम नदीसफरी काढणाऱ्या नॉर्मन नेव्हिल्स यांची.

परतल्यावर गोल्डवॉटर यांनी ही फिल्म ॲरिझोनाभर गावोगावी दाखवली. शेजारी उभं राहून स्वतःच सांगायचे : हा धबधबा, हा कडा, इथे होडी अशी वळवली. ते राजकारणात येण्याआधीच लोक त्यांना ओळखायला लागले ते असे. १९५२ मध्ये ते सिनेटला उभे राहिले आणि समोरच्या अर्नेस्ट मॅकफार्लंड यांना, म्हणजे डेमोक्रॅट्सच्या सिनेटमधल्या नेत्यालाच, सुमारे सात हजार मतांनी पाडलं.

सरकारने लोकांच्या कारभारात नाक खुपसू नये, हा त्यांचा धोशा. पण ॲरिझोनाला पाणी हवं होतं, आणि पाणी अडवायला लागतो तो पैसा वॉशिंग्टनचाच. कोलोरॅडोवरच्या ग्लेन कॅन्यन या दरीतल्या धरणाच्या बाजूने त्यांनी मत दिलं.

१५ ऑक्टोबर १९५६. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर व्हाइट हाउसमध्ये बसून बटण दाबतात आणि इकडे कड्यात पहिला सुरुंग उडतो. मग काँक्रीट. या बादल्या पाहा, तारेवरून दरीत उतरतायत. भिंत ७१० फुटांची. मार्च १९६३ मध्ये पाणी अडवायला सुरुवात झाली. धरणामागचं पॉवेल सरोवर काठोकाठ भरायला १७ वर्षं गेली. गोल्डवॉटर ज्या दरीतून होडीने गेले होते, ती त्याखाली.

आता १९६४. सॅन फ्रान्सिस्कोजवळचा काऊ पॅलेस, जनावरांच्या प्रदर्शनांसाठी बांधलेलं सभागृह. इथे रिपब्लिकन पक्षाने त्यांना राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दिली, आणि ते म्हणाले : स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी जहालपणा हा दुर्गुण नव्हे, आणि न्याय मिळवताना मवाळपणा हा सद्गुण नव्हे. सभागृह दणाणलं. पक्षातले मवाळ मात्र हादरले.

आणि ही ती जाहिरात. फुलाच्या पाकळ्या मोजणारी मुलगी, मग उलटी गणती, मग अणुस्फोट. त्यांचे प्रतिस्पर्धी, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या प्रचारवाल्यांनी ती ७ सप्टेंबरला एकदाच, पैसे मोजून दाखवली. गोल्डवॉटर यांचं नाव तिच्यात कुठेही नाही. गरजच नव्हती; ते अणुयुद्ध ओढवतील, ही भीती लोकांत आधीच होती.

निकाल : जॉन्सन यांना ४८६ निर्वाचक मतं, गोल्डवॉटर यांना ५२. ॲरिझोना सोडलं तर पाचच राज्यं मिळाली, सगळी खोल दक्षिणेतली. त्यांनी वंशभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत दिलं होतं, त्याचं हे फळ. कृष्णवर्णीय मतदार रिपब्लिकन पक्षापासून दुरावले, ते आजही बव्हंशी तसेच.

त्याच प्रचारात एका नटाने टीव्हीवर त्यांच्यासाठी अर्धा तास भाषण केलं होतं. रोनाल्ड रेगन. सोळा वर्षांनी हेच विचार घेऊन ते राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले.

गोल्डवॉटर १९६८ मध्ये पुन्हा सिनेटवर निवडून आले. ७ ऑगस्ट १९७४ रोजी, वॉटरगेट प्रकरणात महाभियोगाच्या तोंडावर असलेले राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्याकडे गेलेल्या तिघांत तेही होते; सिनेटमध्ये तुम्हाला वाचवण्याएवढी मतं नाहीत, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. दुसऱ्याच दिवशी निक्सन यांनी राजीनामा जाहीर केला.

१९८७ मध्ये ते निवृत्त झाले, जागा जॉन मॅकेन यांच्याकडे गेली. म्हातारपणी धरणाचा विषय निघाला, तेव्हा त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत : ते मत पुन्हा द्यायची वेळ आली, तर विरोधात देईन. खडकावरचा हा पांढरा पट्टा सरोवराच्या जुन्या पातळीचा. पाणी ओसरतंय, तशा दरीच्या भिंती पुन्हा उघड्या पडतायत.