५६ डिग्री, ३० मिनिटं

नमस्कार. मी पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, बावीस वर्षं झाली. नवीन लागले तेव्हा माझ्याकडे व्हीडीआरएल म्हणजे सिफिलिस या गुप्तरोगाची टेस्ट दिली होती, आणि आमच्या सिनियर मॅडमनी सांगितलं की सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं पिवळसर पाणी, आधी वॉटर बाथमध्ये ५६ डिग्रीला ३० मिनिटं ठेवायचं, मगच टेस्ट लावायची. का, असं विचारलं तर म्हणाल्या, कॉम्प्लिमेंट मारायला. एवढंच. मी कितीतरी वर्षं रोज ते मारत होते आणि नक्की काय मारतेय ते मला नीट माहीत नव्हतं. नंतर वाचत गेले, आणि मग कळलं की या विषयात आपल्याच पुण्यात एका माणसाने मोठं काम केलंय, गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात जी एनसीसीएस म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स आहे ना, तिथे. डॉ. अरविंद साहू त्यांचं नाव. आज मला त्या कामाबद्दल सांगायचंय.

पण आधी ते ५६ डिग्रीचं. १८९५ च्या सुमाराला पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ज्यूल बोर्दे नावाचा बेल्जियमचा तरुण डॉक्टर कॉलराच्या जंतूंवर काम करत होता. ज्या जनावराला कॉलराची लस टोचलीय त्याचं ताजं सीरम जंतू फोडतं, हे माहीत होतं. बोर्देने ते सीरम ५५ डिग्रीपर्यंत तापवलं तर त्याची ताकद गेली. मग त्याने त्यात लस न टोचलेल्या साध्या जनावराचं थोडं ताजं सीरम घातलं, आणि ताकद परत आली! म्हणजे सीरममध्ये दोन गोष्टी आहेत, एक लसीने तयार होणारी आणि उष्णता सोसणारी, ती अँटिबॉडी, आणि दुसरी सगळ्यांच्याच रक्तात जन्मापासून असणारी पण तापवली की संपणारी. या दुसरीला पुढे पॉल एर्लिखने कॉम्प्लिमेंट नाव दिलं, म्हणजे पूरक. बोर्देला १९१९ चं नोबेल मिळालं. मला हे कळलं त्या दिवशी वॉटर बाथसमोर उभं राहताना अंगावर काटा आला होता, खरंच सांगते, कारण शंभर वर्षांपूर्वीचा तो प्रयोग मी रोज सकाळी करत होते.

आता हे कॉम्प्लिमेंट म्हणजे एक वस्तू नाही, तीसहून जास्त प्रोटीन्सची टोळी आहे, आणि त्यांच्या मधोमध बसलेलं प्रोटीन म्हणजे सी-थ्री. तुमच्यापैकी कुणाच्या घरी ल्युपसचा किंवा किडनीचा पेशंट असेल तर रिपोर्टवर सी-थ्री, सी-फोर बघितलं असेल, तेच हे. सी-थ्री रक्तात गप्प फिरत असतं, पण त्याचे दोन तुकडे झाले की मोठा तुकडा, सी-थ्री-बी, क्षणभरासाठी प्रचंड चिकट होतो. पावसाळा संपल्यावर वेताळ टेकडीवर फिरून आलं की पँटला कुसळं लागतात ना, अगदी तसा. कुसळ बघत नाही पँट कुणाची आहे. सी-थ्री-बी पण बघत नाही, जंतू असो की आपली स्वतःची पेशी, जे जवळ असेल त्याला चिकटतो. आणि एक चिकटला की तिथे असं मशीन तयार होतं जे आणखी सी-थ्री फोडतं, त्यातून आणखी कुसळं, काही मिनिटांत लाखो. अशी कुसळं लागलेला जंतू पांढऱ्या पेशींना गिळायला सोपा जातो, आणि शेवटी सी-फाईव्हपासून सी-नाईनपर्यंतची मंडळी मिळून त्याला सरळ भोक पाडतात.

मग आपण कसे वाचतो? आपल्या पेशींवर ब्रेक बसवलेले आहेत. सीडी-५५, सीडी-५९ अशी नावं, आणि रक्तात फिरणारा फॅक्टर एच. आपल्या पेशीला कुसळ लागलं की हे लगेच ते निकामी करतात किंवा पुढे भोक पडू देत नाहीत, जंतूवर हे ब्रेक नसतात म्हणून तो मरतो. मला विचाराल तर कॉम्प्लिमेंटची सगळी गोष्ट या ब्रेकची आहे. इम्युनिटी वाढवा, इम्युनिटी वाढवा असं जे सगळीकडे चाललेलं असतं त्याचा मला त्रास होतो तो यामुळेच, कारण मी वाढलेल्या हल्ल्याचे रिपोर्ट रोज बघते.

डॉ. साहूंचं पुण्यातलं बरंचसं काम या ब्रेकचंच आहे, पण ते व्हायरसच्या बाजूने. झालं असं की १९८८ मध्ये अमेरिकेत गिरीश कोतवाल आणि बर्नार्ड मॉस यांनी दाखवलं की देवीच्या लसीत वापरला जाणारा व्हॅक्सिनिया व्हायरस एक प्रोटीन बाहेर सोडतो जे दिसायला आपल्या ब्रेकसारखंच आहे. म्हणजे व्हायरसने आपली किल्ली चोरून डुप्लिकेट बनवलीय, आणि ती वापरून तो कॉम्प्लिमेंटला सांगतो, अरे मी घरचाच आहे. साहूंच्या लॅबने अशा प्रोटीनचे भाग एकेक करून वेगळे केले, एकातला भाग दुसऱ्यात घालून बघितला, कुठल्या भागाने कुठलं काम होतं ते शोधलं. कापोसी सार्कोमा नावाचा जो कॅन्सर होतो त्याच्या व्हायरसमध्येही असाच ब्रेक आहे, त्याला त्यांनी २००३ मध्ये कापोसिका असं नाव दिलं. पुण्यात ठेवलेलं नाव जगभरच्या पेपरमध्ये छापून येतं याचं मला फार अप्रूप आहे.

आणि २००९ चा स्वाईन फ्लू तर पुणेकर विसरणार नाहीत, नायडू हॉस्पिटलबाहेरच्या त्या रांगा, तोंडाला रुमाल बांधलेली पोरं. त्याच व्हायरसवर २०१७ मध्ये साहूंच्या ग्रुपचा पेपर आला. कॉम्प्लिमेंट सुरू व्हायचे वेगवेगळे रस्ते असतात, एक अँटिबॉडीवरून सुरू होणारा आणि एक तो कुसळं वाढवत नेणारा, तर त्यांनी दाखवलं की या व्हायरसपासून नीट संरक्षण मिळायला हे दोन्ही रस्ते एकत्र चालावे लागतात, एकट्याने भागत नाही.

पण सगळ्यात मोठी गोष्ट त्याच्या आधीची आहे. नव्वदच्या दशकात साहू फिलाडेल्फियाला पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीत जॉन लॅम्ब्रिस यांच्या लॅबमध्ये होते. प्रश्न असा होता की सी-थ्री फुटूच नये म्हणून त्याला धरून ठेवणारं काही मिळेल का. त्यांनी काय केलं, बॅक्टेरियाला लागणारे जे फाज व्हायरस असतात त्यांच्या अंगावर वेगवेगळे छोटे पेप्टाईड, म्हणजे प्रोटीनचे तुकडे, लावलेले, प्रत्येक २७ अमिनो ॲसिडचा म्हणजे २७ मण्यांच्या माळेसारखा, कसाही जुळवलेला, असा भलामोठा संग्रह घेतला आणि तो सी-थ्रीवर ओतला, न चिकटलेलं सगळं धुऊन टाकलं, आणि जो चिकटून राहिला तो उचलला. मग तो तासत तासत १३ अमिनो ॲसिडपर्यंत आणला, अंगठीसारखा गोल. हा कॉम्पस्टॅटिन. १९९६ मध्ये पेपर आला, साहू, ब्रायन के आणि लॅम्ब्रिस यांच्या नावाने.

त्याचं औषध व्हायला २५ वर्षं लागली. मधल्या काळात त्यातली अमिनो ॲसिड बदलून बदलून तो कितीतरी पट ताकदवान केला गेला, आणि मे २०२१ मध्ये अमेरिकेत पेगसेटाकोप्लान या नावाने त्याला पीएनएच या आजारासाठी मंजुरी मिळाली. या आजारात बोन मॅरोमधल्या पेशीत असा बिघाड होतो की लाल पेशींवरचे सीडी-५५ आणि सीडी-५९ हे ब्रेक बसतच नाहीत, मग स्वतःचंच कॉम्प्लिमेंट त्यांना फोडतं, काही पेशंटना सकाळी उठल्यावर लघवी कोकाकोलासारखी काळपट होते. २००७ पासून सी-फाईव्ह अडवणारं औषध होतं, त्याने भोकं पडायची थांबली, माणसं जगायला लागली, पण कुसळं लागणं चालूच राहायचं आणि कुसळं लागलेल्या पेशी लिव्हर-प्लीहेत संपायच्या, म्हणून बऱ्याच जणांचं हिमोग्लोबिन वर येईना. सी-थ्रीलाच धरलं तर हे दोन्ही थांबतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेच औषध म्हातारपणी डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो त्यासाठीही मंजूर झालं. गेलेली नजर त्याने परत येत नाही, झीज फक्त हळू होते, हे नीट लक्षात घ्या. ही औषधं भयंकर महाग आहेत, आणि कॉम्प्लिमेंट अडवलं की मेनिंजायटिसच्या जंतूंचा धोका वाढतो म्हणून आधी लसी घ्याव्या लागतात.

आता लॅबमधलं एक सांगते. मागच्या वर्षी भोरकडून एक आई मुलाला घेऊन आली होती, आठ वर्षांचा. घसा दुखून गेला, मग पंधरवड्याने तोंड सुजलं, लघवी लाल. सी-थ्री खूप कमी आलं. स्ट्रेप जंतूंच्या इन्फेक्शननंतर किडनीला सूज येते त्यात असं होतं, सी-थ्री सगळं खर्ची पडलेलं असतं. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी परत सी-थ्री करायला पाठवलं तर आई म्हणाली, ताई, पोरगं आता चांगलं खेळतंय, परत सुई कशाला टोचता, भाडं पण किती पडतं. मी तिला खाली बसवून सांगितलं की साधी सूज असेल तर सी-थ्री सहा-आठ आठवड्यांत नॉर्मलला येतं, आणि नाही आलं तर ब्रेकमध्येच काही गडबड आहे का ते बघावं लागतं, तो आजार वेगळा, आणि पोरगं खेळत असतानाच किडनी खात राहतो. तिने हात पुढे करायला लावला पोराला.

संध्याकाळी रिपोर्ट निघाला, ११२. नॉर्मल. मी फोन करून सांगितलं तर पलीकडून आधी काहीच आवाज आला नाही, मग तिने पोरालाच फोन दिला, तो म्हणाला मावशी, आता परत नाही ना यायचं?

नाही म्हटलं, आता नाही यायचं.