आधी कान, मग हात

[दृश्य: वॉर्ड. खाटेभोवती हिरवा पडदा ओढला जातो.]

बेळगावातल्या एका वॉर्डात सकाळचे आठ वाजलेत. बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी निपाणीच्या आजींच्या खाटेशी उभी आहे. आजींची हयात विड्या वळण्यात गेली. मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू, दोरा. खोकला जुनाच, पण आजची तक्रार पोटाची.

"आजी, कुठं दुखतंय?" विचारता विचारताच मुलीचा हात पोटावर जातो. मागून मॅडमचा आवाज येतो, "हात मागं घे. आधी कान."

ही चूक बहुतेक सगळ्याच करतात. कारण छातीसाठी क्रम घोकलेला असतो: बघा, चाचपा, ठोका, ऐका. पोटाला तो चालत नाही. तिथं बघून झालं की लगेच ऐकायचं, मग ठोकायचं आणि चाचपणं सगळ्यात शेवटी. आधीच दाबलं तर आतड्यांची हालचाल बदलते. मग स्टेथोतून येणारी गुडगुड आजींच्या पोटाची की आपल्या हाताची, कोण सांगणार?

[दृश्य: स्टेथोचा डायफ्रॅम, म्हणजे अंगावर टेकवायची चकती, तळहातावर चोळला जातो.]

गार डायफ्रॅम टेकवला की पोट आखडतं, म्हणून तो आधी कोमट करायचा. सुरुवात बेंबीच्या उजवीकडे, खाली. लहान आतडं मोठ्याला मिळतं ते तिथं. मिनिटाला 5 ते 30 वेळा गुडगुडलं तर ठीक. केस शीटवर 'आवाज नाही' लिहायचं असेल, तर पूर्ण 5 मिनिटं ऐकलेलं हवं. वॉर्डात 5 मिनिटं किती लांबतात, ते पोस्टिंग केलेल्यांना विचारा.

आता ठोकणं. खानापूरची मडकी घेणारी बाई आधी बोटानं टिचकी मारून बघते. खणखणीत वाजलं तर घेते, बद्द वाजलं तर ठेवून देते. इथं बद्द वाजणं म्हणजे खोट नव्हे, एवढाच फरक. डाव्या हाताचं मधलं बोट अंगावर घट्ट, उजव्याचं मधलं बोट मनगटातून त्यावर आपटायचं. पोटात वायू असेल तिथं ढोल वाजतो. उजव्या छातीवरून खाली येताना फुप्फुसाचा पोकळ आवाज पाचव्या-सहाव्या बरगडीशी बद्द होतो. तिथं खाली यकृत आहे.

मग हात. आजींचे गुडघे वर, म्हणजे पोट सैल पडतं. दुखरी जागा शेवटी. आणि नजर पोटावर नको, चेहऱ्यावर. आजी म्हणतात "बरं हाय गं", पण कपाळाला आठी पडलेली असते. आठीवर विश्वास ठेवायचा.

[दृश्य: गळ्याखालच्या खळगीतून बोट छातीच्या मधल्या हाडावरून खाली उतरतं.]

हृदयाचं अर्धं काम बरगड्या मोजण्यात आहे. मधल्या हाडावर बोटाला आडवा उंचवटा लागतो. त्याच्या शेजारची बरगडी दुसरी. तिच्याखालच्या फटीत उजवीकडे महाधमनीची झडप ऐकायची, डावीकडे फुप्फुसधमनीची. डाव्या कडेनं खाली चौथ्या फटीपाशी ट्रायकस्पिड झडप आणि पाचव्या फटीत, हासळीच्या (गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या) मध्याच्या सरळ रेषेत, मायट्रल झडप. ठोक्याच्या दोन आवाजांपैकी इथं पहिला, 'लब', मोठा; वर दुसरा, 'डब', मोठा. ठोके पूर्ण एक मिनिट मोजायचे. 15 सेकंद मोजून चारनं गुणणं सोपं, पण त्यात चुकलेला ठोका सापडत नाही.

फुप्फुसं पाठीकडून. आजी पोलक्याच्या गुंड्या सोडायला लाजतात, पण पडदा त्यासाठीच आहे. कापडावरून ऐकलं तर कापडाची खसखस फुप्फुसातली चरचर वाटते. वरून खाली, डावी-उजवी, डावी-उजवी, शिडी उतरल्यासारखं. खवाट्याचं हाड टाळायचं. दर ठिकाणी एक पूर्ण श्वास, तोंडानं. शेजारच्या खाटेवर गोकाकचे अज्जा आहेत. त्यांना हेच कानडीत "उसिरु तगोरी, बिडरी" (श्वास घ्या, सोडा) असं सांगावं लागेल. ही दोन वाक्यं इथली प्रत्येक मुलगी पहिल्या महिन्यातच शिकते.

मुलगी थांबते. स्टेथो उजवीकडे खाली पुन्हा ठेवते. मग डावीकडे. परत उजवीकडे.

"काय गं पोरी, काय वाजतंय?"

"आजी, अजून एकदा. मोठा श्वास घ्या."

[दृश्य: केस शीट. निळं पेन.]

उजवीकडे, पाठीमागे, खाली. श्वास सोडताना शीळ. 8:40. मॅडमना सांगितलं.