एक्स-रे नॉर्मल आला, पण पाठदुखी काही थांबेना

हा एक्स-रे बघा. मणके ओळीत, उंची ठीक, बोट ठेवायला जागा नाही. मग काय, मणक्यात गॅप आहे, पट्टा लावा, वजन उचलू नका असं सांगितलं जातं, आणि असेच महिने निघून जातात. अडचण अशीये की हाडातलं खनिज ३० ते ५० टक्के कमी झाल्याशिवाय साध्या फिल्मवर फरकच उमटत नाही, तोवर मणक्याचा टीबी आत आरामात हाड खात बसलेला असतो.

आता त्याच पाठीचा एमआरआय. या दोन मणक्यांच्या समोरासमोरच्या कडा बघा, टी-वन नावाच्या एमआरआय चित्रांवर काळपट आणि टी-टू चित्रांवर पांढऱ्या, म्हणजे हाडाच्या आत सूज. शेजारच्या दोन मणक्यांना एकाच रक्तवाहिनीच्या फांद्या जातात, म्हणून जंतू दोघांनाही जोडीनं धरतात. मधली गादी मात्र बरीचशी शाबूत आहे, कारण ती विरघळवणारी एन्झाइम्स टीबीच्या जंतूकडे नसतात, इतर पू करणारे जंतू तिला लवकर संपवतात.

आणि हा पू. ताप नाही, लाली नाही, लिगामेंटखालून गुपचूप सरकत सोअस स्नायूत (कमरेपासून मांडीकडे जाणारा स्नायू) उतरलाय, कधीकधी तर थेट जांघेत गाठ येते. पर्सिव्हल पॉट या सर्जननं लंडनमध्ये १७७९ साली हा आजार लिहून ठेवला, तोही कुबड आणि लुळे पडलेले पाय बघून, जंतू सापडायला १८८२ उजाडलं.

स्कॅन दुखतंय तेवढ्याच भागाचा काढून भागत नाही, पूर्ण मणका बघावा लागतो, कारण मधले मणके सोडून लांब दुसरीकडेही टीबी असू शकतो. सीटीत पुवाच्या कडेला कॅल्शियमचे ठिपके दिसले की संशय पक्का होत जातो.

पण खरं सांगू, एमआरआय कितीही बोलका असला तरी जंतूचं नाव तो सांगत नाही, ब्रुसेला (जनावरांकडून येणारा जंतू) किंवा कॅन्सरही कधीकधी असाच दिसतो. म्हणून सीटी मशीनवर पालथं झोपवून, भूल देऊन, सुई थेट त्या मणक्यात घालून तपासणीसाठी तुकडा काढायचा. आणि इथंच घोळ होतो, सगळा तुकडा फॉर्मलिनमध्ये (तुकडा टिकवायचं रसायन) टाकला की जंतू मेले, कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) गेलं! थोडा भाग सलाइनमध्ये ठेवला तर सीबीनॅट या जंतूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीत जंतू सापडतो आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालणार की नाही तेही साधारण दोन तासांत कळतं. औषधं मग साधारण वर्षभर. मधेच केलेला एमआरआय आधीपेक्षा वाईट दिसू शकतो, पेशंट तेव्हा चालायला लागलेला असला तरी.